ब्लॅक सॅबथ : एका वाद्यवृंदाच्या एकत्वाचा प्रश्न

१

दीर्घकाळ कार्यरत राहिलेल्या कलावंताचे मूल्यमापन करताना समीक्षेपुढे दोन अडचणी उभ्या राहतात. आरंभीच्या कृतींचे तेज उत्तरकालीन कृतींवर पडून त्या आहेत त्याहून फिक्या दिसू लागतात, ही पहिली अडचण. मागाहून लाभलेली प्रतिष्ठा आरंभीच्या कृतींना चिकटते आणि त्या मुळात कशा होत्या हे दिसेनासे होते, ही दुसरी. कलावंत एक व्यक्ती असेल तर निदान या सर्व कृती कोणाच्या, या प्रश्नाचे उत्तर तरी निश्चित असते. परंतु कलावंत हा एक समूह असेल, त्यातील माणसे येत-जात असतील आणि नाव मात्र तेच राहत असेल, तर मूल्यमापनाच्या आधी एकत्वाचाच प्रश्न सोडवावा लागतो. इंग्लंडमधील ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाची कारकीर्द हा प्रश्न विशेष तीव्रतेने उपस्थित करते.

बर्मिंगहॅम शहराच्या ॲस्टन भागात १९६८ साली हा वृंद एकत्र आला. गिटारवादक टोनी आयोमी, बेस गिटार वाजवणारे गीझर बटलर, ड्रमवादक बिल वॉर्ड आणि गायक ऑझी ऑसबोर्न हे त्याचे चार मूळ घटक. १९७० ते २०१३ या काळात या नावाने १९ ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी ९ ऑसबोर्न यांच्या, ५ टोनी मार्टिन यांच्या, ३ रॉनी जेम्स डिओ यांच्या, तर इयन गिलन आणि ग्लेन ह्यूज यांच्या प्रत्येकी एक. सर्व १९ ध्वनिमुद्रिकांत आढळणारे घटक एकटे आयोमी होत. ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधील व्हिला पार्क या मैदानावर चौघे मूळ वादक-गायक एकत्र आले आणि या वृंदाने आपला अखेरचा कार्यक्रम केला. त्या दिवशी त्यांनी चार गीते सादर केली : 'वॉर पिग्ज', 'एन. आय. बी.', 'आयर्न मॅन' आणि 'पॅरानॉइड'. ही चारही गीते १९७० या एकाच वर्षातील आहेत.

या निवडीचा अर्थ काय लावायचा ? पंचावन्न वर्षांच्या कारकीर्दीचा समारोप जर पहिल्याच वर्षाच्या सामग्रीवर होत असेल, तर मधल्या काळातील निर्मिती अनावश्यक होती असे मानावे काय ? रूढ मत बहुतांशी तसेच आहे. १९७० ते १९७५ या काळातील पहिल्या सहा ध्वनिमुद्रिका म्हणजे खरे ब्लॅक सॅबथ, आणि पुढचा सारा प्रवास ऱ्हासाचा किंवा भेसळीचा, असे हे मत सांगते. त्याच्या मुळाशी अशी धारणा आहे की चार विशिष्ट व्यक्ती म्हणजेच हा वृंद. याच्या उलट दुसरे मत असे की आयोमी यांची गिटार म्हणजेच हा वृंद. ती जेथे आहे तेथे ब्लॅक सॅबथ आहे. ही दोन्ही मते कृतींच्या कसोटीवर घासून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

आयोमी यांच्या वादनशैलीचे विवेचन त्यांच्या जखमी हातापासून सुरू करण्याचा प्रघात आहे. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातील कामाच्या अखेरच्या दिवशी यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्यामुळे उजवा हात हाच तारा दाबण्याचा हात होता. कारखान्यातील वरिष्ठाने त्यांना जँगो राइनहार्ट यांची तबकडी ऐकवली. १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाल्यावरही राइनहार्ट यांनी जॅझ गिटारवादनात स्वतंत्र मार्ग काढला होता. आयोमी यांनी प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली, त्यांवर कातडे चढवले, आणि दाबण्यास हलक्या अशा बँजोच्या तारा गिटारला लावल्या.

ही हकीकत हृद्य आहे. परंतु तिच्यावरून जी उपपत्ती काढली जाते ती तपासून घ्यावी लागते. बोटांना त्रास होऊ नये म्हणून तारा उतरवून लावल्या, तारा उतरल्यामुळे नाद जड झाला, आणि त्या जडपणातून 'हेवी मेटल' हा संगीतप्रकार जन्मला, असा हा कार्यकारणभाव मांडला जातो. कालक्रम त्याच्या विरुद्ध आहे. अपघात १९६५ चा. तारा दीड स्वराने उतरवून लावण्याचा प्रयोग ध्वनिमुद्रिकेवर आढळतो तो १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या तिसऱ्या कृतीतील काही गीतांत. पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका नेहमीच्या स्वरमेळातच वाजवलेल्या आहेत, आणि ज्याला या वृंदाचे वजन म्हणतात ते तर पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्या गीतातच पूर्णपणे प्रत्ययास येते. तेव्हा तारा उतरवणे हे त्या वजनाचे कारण नसून आधीच सापडलेल्या गुणाचा तो विस्तार होय.

अपघाताने आयोमी यांना जी मर्यादा घातली तिचा खरा परिणाम अन्यत्र शोधला पाहिजे. अनेक बोटांनी भरगच्च स्वरमेळ धरणे कठीण झाल्यामुळे षड्ज आणि पंचम एवढ्या दोनच स्वरांच्या मेळावर त्यांचा भर राहिला. असा मेळ आयोमी यांच्या आधीही रॉक संगीतात होता. त्याचा शोध त्यांनी लावला असे म्हणता येत नाही. परंतु या मेळात गंधार नसतो. पाश्चात्त्य संगीतात शुद्ध गंधाराने प्रसन्नता आणि कोमल गंधाराने विषाद सूचित होतो असा सर्वसाधारण संकेत आहे. गंधारच वगळल्यावर तो संकेत लोपतो. उरतो तो भावनेच्या दृष्टीने अनिश्चित, परंतु नादाच्या दृष्टीने अत्यंत ठाम असा स्वरखंड. अशा स्वरखंडांची एक लहान आकृती बांधून ती पुनःपुन्हा वाजवायची, या 'रिफ' नामक तंत्रावर वृंदाची सारी रचना उभी आहे.

३

१३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झालेली पहिली ध्वनिमुद्रिका, तिचे पहिले गीत आणि वृंद या तिन्हींचे नाव एकच आहे. हे नाव मारिओ बाव्हा यांच्या १९६३ सालच्या भयपटाच्या इंग्रजी शीर्षकावरून घेतलेले आहे. गीताच्या आरंभी पाऊस पडत असतो, दूरवर चर्चची घंटा वाजते, मेघगर्जना होते, आणि मग गिटार तीन स्वर वाजवते : षड्ज, तार षड्ज, आणि तेथून खाली उडी घेऊन तीव्र मध्यम.

षड्ज आणि तीव्र मध्यम यांतील अंतराला युरोपीय परंपरेत सैतानाचा स्वर म्हटले गेले आहे. मध्ययुगीन चर्चने त्यावर बंदी घातली होती ही आख्यायिका वारंवार सांगितली जाते, तरी तिला आधार नाही. संगीतशास्त्रज्ञ हे अंतर टाळावे असे सांगत, एवढेच खरे. हिंदुस्थानी संगीताशी परिचित असलेल्या वाचकाला येथे एक रास्त शंका येईल. यमन रागात तीव्र मध्यम आहे, आणि यमन तर शांत व प्रसन्न मानला जातो; मग भय या स्वरात कोठून आले ? या शंकेतच रचनेचे मर्म दडलेले आहे. भय स्वरात नसून त्याच्या योजनेत आहे. यमनातील तीव्र मध्यम गंधार आणि पंचम यांच्या संगतीत येतो. तो कोठून आला आणि कोठे जाणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. आयोमी यांच्या आकृतीत हा स्वर तार षड्जावरून एकाएकी येतो, सप्तकाचे बरोबर दोन भाग करतो, आणि पंचमाकडे चढत नाही की गंधाराकडे उतरत नाही. तो कंप पावत तसाच लोंबकळत राहतो, आणि आकृती पुन्हा आरंभापासून सुरू होते. अपेक्षित विसावा नाकारल्यामुळे येथे भीती निर्माण होते.

याच्या जोडीला लय आहे. सत्तरच्या सुमाराचे रॉक संगीत बहुधा मध्य वा द्रुत लयीत चालत असे; येथे लय इतकी विलंबित आहे की दोन आघातांमधील शांतताही रचनेचा भाग होते. त्या शांततेत बिल वॉर्ड जे वाजवतात ते ठेका धरणे नव्हे. जॅझच्या वादनावर पोसलेला त्यांचा हात आघात किंचित मागे ओढतो, मोकळ्या जागा लहान बोलांनी भरतो, आणि गिटारच्या आकृतीला उत्तर देतो. बटलर यांची बेस गिटार कधी मुख्य आकृतीला खालून दुजोरा देते, तर कधी तिच्यापासून फुटून स्वतंत्र चालू लागते. गाण्याच्या अखेरीस लय एकाएकी द्रुत होते तेव्हा पळून जाण्याचा जो प्रत्यय येतो तो या तिघांच्या परस्परसंबंधातून येतो, एकट्या गिटारमधून नव्हे.

ऑसबोर्न यांच्या गायनाची जागा या रचनेत कोणती, हे ठरवताना समीक्षकांची विशेष गफलत झालेली दिसते. त्यांच्या आवाजाचा पल्ला मर्यादित आहे आणि गायकीचे अलंकार त्यांच्यापाशी नाहीत, हे निर्विवाद आहे. परंतु 'आयर्न मॅन' किंवा 'इलेक्ट्रिक फ्यूनरल' या गीतांत त्यांचा आवाज गिटारच्याच आकृतीवरून, स्वरास स्वर जोडून चालतो. गायक वाद्यांच्या वर उभा राहत नाही. वाद्यांचे जे चालले आहे त्यातच तोही सापडलेला असतो. त्यामुळे आवाजातील तो रडवेला ताण माणसावर काहीतरी ओढवल्याचा ताण म्हणून ऐकू येतो. कौशल्याच्या दृष्टीने जी उणीव ती रचनेच्या दृष्टीने गुण ठरते.

४

आरंभीच्या काळातील बहुतेक गीतांचे शब्द बटलर यांचे आहेत. आयरिश कॅथलिक कुटुंबात वाढलेल्या या तरुणाच्या शब्दांत सैतान, नरक आणि अंतिम न्याय यांचा उल्लेख वारंवार येतो, आणि त्यावरून वृंदावर सैतानपूजेचा आरोप झाला. गीते लक्षपूर्वक ऐकल्यास हा आरोप टिकत नाही. पहिल्या गीतातील निवेदक काळ्या आकृतीला पाहून भयभीत झालेला, देवाचा धावा करणारा माणूस आहे. 'एन. आय. बी.' मध्ये सैतान स्वतः बोलतो हे खरे. पण तो बोलतो प्रेमात पडलेल्याच्या भाषेत. 'आफ्टर फॉरेव्हर' या १९७१ च्या गीतात तर ईश्वरश्रद्धेची बाजू इतकी उघडपणे मांडलेली आहे की तिच्यावर प्रचारकीपणाचा आक्षेप घेता यावा.

बटलर यांच्या शब्दांत सैतान हे ऐहिक दुष्टतेचे रूपक आहे. 'वॉर पिग्ज' या गीताचे मूळ नाव 'वालपुर्गिस' असे होते. चेटकिणींच्या रात्रीची ही कल्पना युद्ध पुकारणाऱ्या सत्ताधीशांना लावण्यात आली आणि युद्धविरोधी गीत तयार झाले. 'हँड ऑफ डूम' मध्ये व्हिएतनामच्या युद्धातून हेरॉइनचे व्यसन घेऊन परतलेला सैनिक आहे. 'इलेक्ट्रिक फ्यूनरल' मध्ये अणुयुद्धानंतरची पृथ्वी आहे. या सर्व गीतांत जग पाहिले जाते ते खालून, ज्याच्यावर निर्णय लादले जातात त्याच्या जागेवरून. शब्दांची ही जागा आणि गायकाची रचनेतील जागा एकच आहे. आशय आणि अभिव्यक्ती यांचा हा मेळ वृंदाच्या यशाचे खरे कारण होय. १९७० साली लेस्टर बँग्ज यांच्यासारख्या चोखंदळ समीक्षकानेही 'रोलिंग स्टोन' नियतकालिकातून पहिल्या ध्वनिमुद्रिकेची हेटाळणी केली. आवाज, कौशल्य आणि शब्द यांचा विचार सुटा सुटा केला तर तसे वाटणे अपरिहार्य आहे. त्यांच्यातील संबंध लक्षात घेतला की मत बदलावे लागते.

बर्मिंगहॅमच्या कारखान्यांचा आवाज हेच या संगीताचे उगमस्थान, असेही एक लोकप्रिय स्पष्टीकरण आहे, आणि वृंदातील घटकांनी स्वतः त्याला दुजोरा दिलेला आहे. परंतु त्याच शहरातून १९६४ साली मूडी ब्लूज आणि १९६५ साली द मूव्ह हे वृंद निघाले, आणि त्यांच्या संगीतात घणांचा आघात ऐकू येत नाही. परिस्थिती कलावंताला सामग्री पुरवते. तिची निवड आणि घडण तो स्वतःच करतो.

५

चौघे म्हणजेच वृंद, या पहिल्या मताची परीक्षा आता करता येईल. १९७० ते १९७५ या साडेपाच वर्षांत या चौघांनी सहा ध्वनिमुद्रिका केल्या आणि त्यांत वाढ स्पष्ट दिसते. 'मास्टर ऑफ रिॲलिटी' मध्ये नाद अधिक खोल झाला, तर 'सॉलिट्यूड' सारख्या गीतात तो जवळजवळ विरून गेला. १९७२ च्या चौथ्या ध्वनिमुद्रिकेतील 'चेंजेस' मध्ये गिटार नाहीच, पियानो आहे. १९७३ च्या 'सॅबथ ब्लडी सॅबथ' मध्ये कळफलकाची वाद्ये आणि तंतुवाद्यांचा समूह आला. रिक वेकमन यांनी एका गीतात साथ केली. १९७५ ची 'सॅबोटाज' पूर्वीच्या व्यवस्थापकाशी चाललेल्या न्यायालयीन वादाच्या छायेत तयार झाली. 'सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स' मधील आडदांड आघात आणि 'सुपरझार' मधील गायकसमूह यांतील विरोध तिच्यात एकाच चौकटीत सामावला आहे.

त्यानंतर याच चौघांनी १९७६ मध्ये 'टेक्निकल एक्स्टसी' आणि १९७८ मध्ये 'नेव्हर से डाय' या ध्वनिमुद्रिका केल्या. दोहोंत नवे करण्याची धडपड आहे. पितळी वाद्ये आहेत, वॉर्ड यांनी गायलेली गीते आहेत. परंतु या नावीन्याला केंद्र नाही. 'सॅबथ ब्लडी सॅबथ' मधील तंतुवाद्ये मूळ आकृतीच्या जडपणाशी विरोध साधून तिला अर्थ देतात. 'नेव्हर से डाय' मधील पितळी वाद्ये त्या आकृतीच्या जागीच येऊन बसतात. व्यसने, थकवा आणि परस्परांतील दुरावा ही या काळाची चरित्रात्मक कारणे सर्वश्रुत आहेत. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की चारही मूळ घटक उपस्थित असताना वृंदाचे एकत्व मोडले. ऑसबोर्न १९७९ मध्ये वृंदाबाहेर गेले; ऱ्हास त्याच्या आधीच सुरू झाला होता. व्यक्तींची उपस्थिती ही एकत्वाची हमी नव्हे, हे येथे सिद्ध होते.

६

दुसरे मत, म्हणजे आयोमी यांची गिटार हाच वृंद, १९८० नंतरच्या काळाच्या आधारे तपासता येते. त्या वर्षीच्या 'हेवन अँड हेल' मध्ये डिओ आले आणि रचनेचे तत्त्वच बदलले. डिओ यांचा आवाज पल्लेदार आणि घडवलेला आहे. तो गिटारच्या आकृतीवरून चालत नाही, तिच्या विरुद्ध दिशेने वर झेप घेतो. शीर्षकगीतात गायन सुरू होताच गिटार मागे सरते, बेस गिटारच्या संथ ठेक्यावर आवाज मोकळा होतो, आणि मग गिटार पुन्हा येऊन त्याला भिडते. पूर्वी आवाज आणि गिटार यांच्यात संवाद होता, आता विरोध आला. आणि त्या विरोधातूनही समतोल साधला गेला. शब्दही बदलले. बटलर यांच्या पीडित माणसाच्या जागी डिओ यांची रूपककथा आली. एक जग गेले, पण त्याच्या जागी दुसरे पूर्ण जग उभे राहिले. म्हणून 'हेवन अँड हेल' ही नाव तेच ठेवून झालेली दुसरी सुरुवात आहे. तिला अवनती म्हणणे रूढ मताच्या आग्रहाखेरीज शक्य नाही.

परंतु आयोमी यांची गिटार एवढेच जर पुरेसे असते, तर पुढील काळातही तेच घडायला हवे होते. १९८३ च्या 'बॉर्न अगेन' मध्ये गिलन यांचा आवाज आणि गिटार एकमेकांशेजारी उभे आहेत, एकमेकांशी बोलत नाहीत. १९८६ ची 'सेव्हन्थ स्टार' मुळात आयोमी यांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणून योजलेली होती आणि तिच्यावर वृंदाचे नाव नंतर चढवण्यात आले. आयोमी म्हणजेच ब्लॅक सॅबथ हे समीकरण त्या मुखपृष्ठावर अक्षरशः छापले गेले.

टोनी मार्टिन यांच्या काळाविषयी रूढ मत अन्यायकारक आहे. पाच ध्वनिमुद्रिका गाणाऱ्या या गायकाचा उल्लेख वृंदाच्या अधिकृत इतिहासात दीर्घकाळ ओझरता राहिला. त्यांच्या काळातील चार ध्वनिमुद्रिका २०२४ मध्ये एकत्रित संचरूपाने पुन्हा उपलब्ध झाल्या तेव्हा कोठे त्यांचा नव्याने विचार होऊ लागला. १९८९ च्या 'हेडलेस क्रॉस' मध्ये आयोमी यांच्या गिटारचा नाद पूर्ण भारदस्त आहे, कोझी पॉवेल यांचा ड्रमवरील आघात प्रचंड आहे, आणि मार्टिन यांची गायकी तंत्राच्या दृष्टीने ऑसबोर्न यांच्याहून पुष्कळ सरस आहे. तरीही ही कृती ऐकताना काही हरवल्याची जाणीव होते. ती कशाची ? बटलर या काळात वृंदात नव्हते. १९७० मध्ये सैतान हे युद्धाचे, व्यसनाचे, सत्तेचे रूपक होते. १९८९ मध्ये तो शोभेची वस्तू झाला. पुढच्या वर्षीच्या 'टीर' मध्ये त्याच्या जागी नॉर्स पुराणातील देव आले, आणि जागा इतकी सहज बदलता आली यातच तिचे आलंकारिक स्वरूप उघड होते. वृंदावर पहिल्या दिवसापासून जो आरोप होत होता, तो जेव्हा अंशतः खरा ठरला तेव्हा मात्र तो करणारे कोणी उरले नव्हते.

याचा पडताळा १९९२ च्या 'डीह्यूमनायझर' मध्ये मिळतो. डिओ आणि बटलर परतले, आणि यंत्र, संगणक, दूरचित्रवाणीवरील धर्मोपदेशक हे समकालीन विषय पुन्हा गीतांत आले. गिटारची आकृतीही त्यांच्या स्पर्शाने रुक्ष आणि धारदार झाली. गिटार तीच, वादक तोच, तरीही शब्द आणि बेस गिटार यांच्याशी असलेला संबंध बदलताच तिचा अर्थ बदलला. दुसरे मतही येथे अपुरे ठरते. १९९५ च्या 'फॉरबिडन' या दुबळ्या कृतीनंतर या टप्प्याचा शेवट झाला.

७

डिसेंबर १९९७ मध्ये चौघे मूळ घटक बर्मिंगहॅममध्ये पुन्हा एकत्र आले आणि पुढील दोन दशके या वृंदाचे स्वरूप मुख्यतः जुन्या गीतांचे सादरीकरण करणाऱ्या संस्थेचे राहिले. याला अपवाद जून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'थर्टीन' या ध्वनिमुद्रिकेचा. कराराविषयीच्या मतभेदामुळे वॉर्ड तिच्यात नाहीत. त्यांच्या जागी ब्रॅड विल्क आहेत. आयोमी यांच्यावर त्या काळात कर्करोगाचे उपचार चालू होते. इंग्लंडमध्ये ही ध्वनिमुद्रिका पहिल्या क्रमांकावर गेली. त्यापूर्वी हा मान वृंदाला १९७० च्या 'पॅरानॉइड' ने मिळवून दिला होता. अमेरिकेत तर तो प्रथमच मिळाला.

निर्माते रिक रुबिन यांनी वृंदाला पहिली ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकवली आणि तिच्या वृत्तीकडे परतण्यास सांगितले. परिणाम ऐकू येतो. आरंभीचे गीत १९७० च्या आरंभीच्या गीताच्या आराखड्यावर बेतलेले आहे : विलंबित, जड आघात, मध्ये शांतता, नंतर द्रुत. अखेरचे गीत संपल्यावर पाऊस, मेघगर्जना आणि चर्चची घंटा पुन्हा ऐकू येतात. वर्तुळ पूर्ण झाल्याची ही खूण अनेकांना भावली. परंतु येथे आवर्तन आणि पुनरुक्ती यांतील भेद करणे आवश्यक आहे. रिफ हे तत्त्वच पुनरावृत्तीचे आहे. त्यामुळे या संगीतात पुनरावृत्ती हा दोष असू शकत नाही. एकाच गीतात आकृती पुनःपुन्हा येते तेव्हा प्रत्येक वेळी ड्रम, बेस आणि आवाज यांचा तिच्याशी असलेला संबंध थोडा बदलतो, आणि म्हणून ते आवर्तन असते. 'थर्टीन' मध्ये आकृत्या परिचित आहेत, विल्क यांचा ठेका अचूक आणि स्थिर आहे, पण आघात मागे ओढणारा, मोकळ्या जागेत उत्तर देणारा वॉर्ड यांचा हात नाही. संबंध बदलत नाही. म्हणून आकृती परतते ती आठवणीसारखी. कृती प्रामाणिक आहे आणि तिच्यातील वादन कोठेही ढिले नाही. तरी तिचा विषय ब्लॅक सॅबथ हाच आहे, आणि पहिल्या सहा कृतींचा विषय जग हा होता.

८

या विवेचनावरून वृंदाच्या एकत्वाविषयी काही निष्कर्ष काढता येतात. चार व्यक्ती म्हणजे वृंद नव्हे, हे १९७६ ते १९७८ चा काळ दाखवतो. एक गिटार म्हणजे वृंद नव्हे, हे १९८३ ते १९९० चा काळ दाखवतो. आयोमी यांची आकृती ही या एकत्वाची आवश्यक अट आहे, परंतु पुरेशी अट नाही. ती आकृती, तिला खालून प्रश्न विचारणारे बेस आणि ड्रम, तिच्याशी संवाद अथवा विरोध साधणारा आवाज, आणि या सर्वांना जगाशी जोडणारे शब्द, यांच्यातील जिवंत संबंध म्हणजे ब्लॅक सॅबथ. हा संबंध ज्या कृतीत आहे ती मूळ संचाची असो वा नसो, वृंदाची खरी कृती मानली पाहिजे. या कसोटीवर 'हेवन अँड हेल' आणि 'डीह्यूमनायझर' आत येतात आणि 'नेव्हर से डाय' बाहेर राहते. रूढ मताला हे मानवणार नाही. परंतु कृतीऐवजी नामावळीवरून मूल्य ठरवणे ही समीक्षा नव्हे.

व्हिला पार्क येथील त्या चार गीतांचाही विचार याच कसोटीवर करणे योग्य होईल. मधली चार-पाच दशके तेथे वगळली गेली ही वस्तुस्थिती आहे, आणि डिओ व मार्टिन यांच्या कार्यावर त्यामुळे पुन्हा एकदा पडदा पडला हेही नाकारता येत नाही. इतिहास म्हणून तो कार्यक्रम अपुरा होता. कलेच्या दृष्टीने मात्र तेथे असे काही घडले जे 'थर्टीन' मध्ये घडले नव्हते. वॉर्ड यांचा हात, वयाने मंदावलेला का होईना, परत आला होता. पार्किन्सन्सच्या विकाराने चालणे अशक्य झालेले ऑसबोर्न आसनावर बसून गात होते. आवाज जागोजागी थरथरत होता. २२ जुलै २०२५ रोजी, म्हणजे सतराच दिवसांनी, वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपले शरीर लोखंडाचे झालेल्या आणि लोकांकडून दुर्लक्षित झालेल्या माणसाची कथा 'आयर्न मॅन' मध्ये आहे. बाविसाव्या वर्षापूर्वी गायलेली ती कथा त्या आसनावरून गायली गेली तेव्हा गिटारची आकृती तीच होती, स्वरही तेच होते. आवाजाचा तिच्याशी असलेला संबंध मात्र बदलला होता. संबंध बदलला की पुनरुक्तीचे आवर्तन होते, हा वर सांगितलेला नियम येथेही लागू पडतो. दीर्घ कारकीर्दीचे मूल्य केवळ तिच्या लांबीत नसते. परंतु काही रचनांचा सर्व अर्थ प्रकट होण्यास तेवढा काळ लागतो, एवढे या उदाहरणावरून म्हणता येईल.